परभणी की पूर्णा? भारित जाळ्यात केंद्रस्थान कसे ठरते

परभणी आणि पूर्णा ही मराठवाड्यातील दोन्ही जंक्शने तीन-तीन दिशांना जोडलेली आहेत. परभणीहून जालन्याकडे, पूर्णेकडे आणि परळी वैजनाथकडे मार्ग जातात, तर पूर्णेहून परभणी, नांदेड आणि हिंगोली असे फाटे फुटतात. स्थानकांना नोड आणि त्यांमधील लोहमार्गांना दुवे मानून नुसते दुवे मोजले, तर दोघांनाही ३ गुण मिळतात आणि अधिक महत्त्वाचे कोण, हे ठरत नाही.

अशा वेळी अमेरिकी समाजशास्त्रज्ञ लिंटन फ्रीमन यांनी १९७७ मध्ये मांडलेली ‘मध्यस्थता केंद्रीयता’ उपयोगी पडते. इतर कोणत्याही दोन नोडांमधील सर्वांत जवळची वाट किती वेळा एखाद्या नोडवरून जाते, हे तिच्यात मोजले जाते. छत्रपती संभाजीनगर, जालना, परभणी, पूर्णा, नांदेड, हिंगोली, परळी आणि लातूर रोड ही आठच स्थानके घेऊ आणि तेलंगणातून पडणारा वळसा तूर्त बाजूला ठेवू. परभणी वगळली की उरलेल्या सात स्थानकांच्या २१ जोड्या होतात. पश्चिमेची दोन, पूर्वेकडची तीन आणि दक्षिणेची दोन स्थानके एकमेकांना केवळ परभणीवरूनच गाठता येत असल्यामुळे त्यांपैकी १६ जोड्यांची वाट परभणीतून जाते. पूर्णेच्या बाबतीत हीच संख्या ११ येते.

येथवर अंतराचा विचार करावा लागला नाही, कारण कोणत्याही दोन स्थानकांमध्ये एकच वाट होती. पर्यायी वाट निर्माण झाली की दुव्याचा भार, म्हणजे त्याला दिलेली संख्या, निर्णायक ठरते. सुमारे २६१ किलोमीटरचा अहिल्यानगर–बीड–परळी लोहमार्ग पूर्ण झालेला धरून परळीहून मनमाडला जायचे आहे, असे समजू. बीड आणि अहिल्यानगरमार्गे तीनच दुवे ओलांडावे लागतात, तर परभणी, जालना आणि संभाजीनगरमार्गे चार. म्हणून भाराविना केलेली गणना बीडच्या पारड्यात गुण टाकते. किलोमीटर मोजले तर मात्र परभणीची वाट साडेतीनशेच्या आसपास आणि बीडची चारशेच्या वर भरते, आणि गुण परभणीकडे परत येतात. जाळ्याचा अभ्यास करणाऱ्याने भार वगळला, तर निष्कर्ष उलटाच निघू शकतो, हे या एका जोडीवरून पुरेसे स्पष्ट होते.

भार म्हणजे नेमके काय, हे त्याहूनही आधी ठरवावे लागते, आणि माझ्या मते सर्वाधिक चुका येथेच होतात. भार किलोमीटर किंवा मिनिटे असेल तर मोठी संख्या म्हणजे लांबची वाट. तो दररोजच्या गाड्यांची संख्या असेल तर मोठी संख्या म्हणजे अधिक घट्ट जोडणी. जवळची वाट शोधणारी एड्सगर डायक्स्ट्रा यांची १९५९ मध्ये प्रसिद्ध झालेली रीत भाराला नेहमी लांबीच समजते, त्यामुळे गाड्यांची संख्या तशीच दिली तर सर्वाधिक वर्दळीचा मार्ग तिला सर्वांत लांबचा वाटतो. म्हणून अशा भाराचा व्यस्तांक घेतात: २० गाड्यांच्या दुव्याची लांबी १/२० आणि ५ गाड्यांच्या दुव्याची १/५.

दुव्यांची संख्या आणि त्यांवरील एकूण भार यांचा मेळ घालणारी रीत तोरे ओप्साल आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये सुचवली. तिच्यात अल्फा नावाचा एक अंक दोहोंचे प्रमाण ठरवतो, तो ०.५ असेल तर दोन्ही संख्यांच्या गुणाकाराचे वर्गमूळ घ्यायचे. समजा, एका स्थानकाला ३ दुवे आणि त्यांवर मिळून ४८ गाड्या आहेत, तर दुसऱ्याला २ दुवे आणि ५० गाड्या. पहिल्याला १२ आणि दुसऱ्याला १० गुण मिळतात. अल्फा १ केला की केवळ गाड्याच मोजल्या जातात आणि दुसरे स्थानक पुढे जाते.

आठ स्थानकांचे गणित कागदावर होते, परंतु गावागावांतील रस्त्यांचे जाळे घेतले की संगणकही थकतो. जुन्या पद्धतीने १०,००० नोडांसाठी नोडसंख्येच्या घनाइतक्या, म्हणजे सुमारे एक लाख कोटी पायऱ्या लागत. उलरिक ब्रांडेस यांनी २००१ मध्ये यावर सुरेख उपाय काढला. प्रत्येक नोडपासून एकदाच डायक्स्ट्राची रीत चालवायची, जाताना सर्वांत जवळच्या वाटा किती ते मोजत जायचे, आणि मग सर्वांत दूरच्या नोडपासून उलटे येत प्रत्येकाच्या वाट्याचे श्रेय आधीच्या नोडवर जमा करायचे. दर जोडीचा वेगळा हिशेब करण्याची गरजच उरत नाही. दुवे ३०,००० असतील तर काम साधारण दीडशे कोटी पायऱ्यांच्या घरात येते.

ही रीत दोन वाटांची लांबी तंतोतंत सारखी असेल तर श्रेय दोघींत वाटते. व्यस्तांकामुळे भार दशांशात गेले की अडचण येते, कारण संगणकाच्या नेहमीच्या दशांश गणितात ०.१ आणि ०.२ यांची बेरीज ०.३ पेक्षा किंचित जास्त भरते आणि बरोबरीच्या वाटांपैकी एक विनाकारण बाद होते. म्हणून गणना सुरू करण्यापूर्वी सर्व भारांना एखाद्या सोयीच्या मोठ्या संख्येने गुणून त्यांचे पूर्णांक करून घ्यावेत.