टेबल

टेबल : पायांवर आडवा, सपाट पृष्ठभाग बसवून केलेली घरगुती वस्तू. मराठीत हा शब्द इंग्रजीतून आला आणि नपुंसकलिंगी म्हणून कायमचा रुळला : ते टेबल, ती टेबले, टेबलावर, टेबलाखाली. जेवणाच्या किंवा लिहिण्याच्या टेबलाची उंची साधारण ७५ सेंमी. असते. खुर्चीवर बसलेल्या माणसाच्या कोपरांना ती सोयीची पडते. इंग्रजीत मात्र हा शब्द घरापुरता उरलेला नाही. आकड्यांचा तक्ता, सभागृहातील कामकाज, सपाट माथ्याचा डोंगर, जमिनीखालचे पाणी, खेळ अशा अनेक ठिकाणी तो वापरला जातो. मराठीने यांतले काही अर्थ ‘टेबल’ म्हणूनच घेतले आणि बाकीचे पाढा, कोष्टक, सारणी, पटल, मेज, कार्यासन अशा शब्दांत वाटून टाकले. भाषांतर करणाऱ्याने ही वाटणी नीट माहीत करून घ्यावी. एका इंग्रजी शब्दाला एकच मराठी शब्द चिकटवला की वाक्य हमखास बिघडते.

मूळ लॅटिन शब्द ‘टॅब्युला’. त्याचा अर्थ फळी किंवा लिहिण्याची पाटी. रोमन माणूस ज्यावर जेवत असे त्याला तो ‘मेन्सा’ म्हणे. म्हणजे टेबल हे आधी लिहिण्याचे साधन होते, जेवणाचे नंतर झाले. रोमचा सर्वांत जुना लेखी कायदा इ. स. पू. ४५१–४५० मध्ये तयार झाला. तो ‘बारा टॅब्युला’ म्हणून ओळखला जातो, कारण बारा पाट्यांवर कोरून तो लोकांसमोर लावला होता. पुढे फ्रेंचमध्ये या शब्दाला जेवणाच्या टेबलाचा अर्थ मिळाला आणि १०६६ नंतर नॉर्मन राज्यकर्त्यांबरोबर तो इंग्लंडमध्ये पक्का झाला. त्याआधी इंग्रज लोक जेवणाच्या फळीला ‘बोर्ड’ म्हणत. टेबलाने बोर्डाला पंगतीतून उठवले, तरी राहण्या-जेवण्याच्या सोयीला बोर्डिंग म्हणणे चालूच राहिले. राजर्षी शाहू महाराजांच्या प्रोत्साहनाने १९०१ मध्ये कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झाले आणि त्यानंतर शहरात निरनिराळ्या समाजांच्या विद्यार्थ्यांसाठी बोर्डिंगांची रांगच उभी राहिली. त्या नावातले ‘बोर्ड’ हे जुन्या इंग्रजीतले जेवणाचे टेबल आहे.

मध्ययुगीन इंग्लंडमध्ये ‘टेबल्स’ हे सोंगट्यांच्या खेळाचेही नाव होते. आजचा बॅकगॅमन त्याच घराण्यातला. खेळाडूंनी पटाची बाजू बदलली की जिंकणारा हरण्याच्या जागी येतो. त्यावरून इंग्रजीत टेबले फिरवण्याचा वाक्प्रचार आला. मराठीत त्याला ‘डाव उलटणे’ हा तयार शब्दप्रयोग आहे. टॅब्युलाचे हे काम मराठीत ‘पट’ करतो : सारीपट, बुद्धिबळाचा पट आणि शाळेतला हजेरीपट, ज्यावरून पटसंख्या ठरते.

मेज आणि गोलमेज : टेबल येण्याआधी मराठीत ‘मेज’ होते. हा फारसी शब्द. कोकणीतही मेज आहे. पोर्तुगीजमध्ये टेबलाला ‘मेझा’ म्हणतात आणि तो लॅटिन ‘मेन्सा’चा वंशज आहे. आज घरात कोणी मेज पुसत नाही, तरी तो शब्द दोन ठिकाणी भक्कम टिकून आहे. एक, मेजवानी : फारसीत ‘मेजबान’ म्हणजे पाहुण्यांना जेवू घालणारा यजमान. दुसरे, गोलमेज परिषद. लंडनमध्ये १९३० ते १९३२ या काळात अशा तीन परिषदा झाल्या. पहिलीची सुरुवात १२ नोव्हेंबर १९३० रोजी झाली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिन्ही परिषदांना उपस्थित होते, तर महात्मा गांधी फक्त दुसरीला. राजा आर्थरच्या दंतकथेत त्याचे सरदार गोल टेबलाभोवती बसत. कोणीही वरच्या जागी बसू नये, हा त्यामागचा हेतू. इंग्लंडमध्ये विंचेस्टर येथे आर्थरचे म्हणून दाखवले जाणारे ओकचे गोल टेबल भिंतीवर टांगलेले आहे. त्याचा व्यास सुमारे ५·५ मी. आहे, पण ते तेराव्या शतकातले असल्याने आर्थरशी त्याचा प्रत्यक्ष संबंध असू शकत नाही.

आकड्यांची टेबले : ओळी आणि स्तंभ यांत माहिती मांडली की इंग्रजीत तिला टेबल म्हणतात. मराठीने इथे बारीक भेद केला आहे. गुणाकाराचा तो पाढा, मापांचे ते कोष्टक, भिंतीवर लावायचा तो तक्ता, विज्ञानातली ती सारणी आणि गाड्यांचे किंवा तासिकांचे ते वेळापत्रक. पाढ्यांच्या बाबतीत मराठी पाठांतराची परंपरा फार समृद्ध होती. ‘बे एके बे’पासून तिसाच्या पाढ्यापर्यंत पोचल्यावर मुले पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी म्हणत. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा. मण-शेर आणि रुपये-आणे-पै यांच्या व्यवहारात अपूर्णांक रोज लागत, म्हणून हे पाढे होते. दशमान पद्धत आली आणि ते मागे पडले. ‘टू टू जा फोर’ म्हणणाऱ्या मुलांपर्यंत निदान निमकी-दिडकी तरी पोचावी असे वाटते, कारण बाजारातला हिशेब आजही अर्ध्या-दीडचाच असतो.

लॉग टेबल हे नाव मात्र मराठी विद्यार्थ्यांनी जसेच्या तसे ठेवले. स्कॉटलंडच्या जॉन नेपियरने १६१४ मध्ये लॉगॅरिथमची पहिली कोष्टके छापली. हेन्री ब्रिग्जने १० हा पाया धरून १६२४ मध्ये चौदा दशांश स्थळांपर्यंतची कोष्टके दिली. गुणाकाराची बेरीज करून देणारी ही युक्ती महाराष्ट्रातील बारावीच्या भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्राच्या परीक्षेत आजही वापरली जाते, कारण तिथे कॅल्क्युलेटर चालत नाही, लॉग टेबल चालते. २·३४५ चा लॉग काढायचा तर २३ ची ओळ धरायची, ४ च्या स्तंभात ३६९२ मिळतात, मग उजवीकडच्या ‘मीन डिफरन्स’च्या भागात ५ खाली ९ दिसतात. ते मिळवले की ०·३७०१. पातळ पुस्तिकेच्या पानावर पट्टी आडवी धरून ओळ सांभाळणे हे त्यातले खरे कौशल्य. नजर एक ओळ घसरली की सगळे उत्तर चुकते.

टेबल नुसती माहिती साठवत नाही, नवी माहितीही देते, हे सर्वांत ठळकपणे दाखवले दमित्री मेंडेलेव्ह यांनी. १८६९ मध्ये तेव्हा माहीत असलेली ६३ मूलद्रव्ये त्यांनी सारणीत मांडली. काही घरांत बसवायला मूलद्रव्यच नव्हते. ती घरे त्यांनी धाडसाने रिकामी ठेवली आणि त्यांत येणाऱ्या मूलद्रव्यांचे गुणधर्म आधीच लिहून ठेवले. त्यांना नावे देताना त्यांनी संस्कृत संख्यावाचक शब्द घेतले : अ‍ॅल्युमिनियमच्या खालच्या रिकाम्या घराला ‘एका-अ‍ॅल्युमिनियम’, सिलिकॉनच्या खालच्या घराला ‘एका-सिलिकॉन’. १८७५ मध्ये फ्रान्सच्या लकॉक द ब्वाबोद्रान यांना गॅलियम सापडले. त्यांनी त्याची घनता ४·७ सांगितली. नमुना हाती नसतानाही मेंडेलेव्ह यांनी ती ५·९ च्या आसपास असायला हवी असे कळवले. धातू अधिक शुद्ध करून पुन्हा मोजल्यावर ५·९ हाच आकडा आला. आज या आवर्त सारणीत ११८ मूलद्रव्ये आहेत.

संगणकातली टेबलेही याच कुळातली. १९७० मध्ये एडगर कॉड यांनी माहितीचा साठा परस्परांशी जोडलेल्या टेबलांत ठेवण्याची पद्धत मांडली. बँकेतल्या नोंदींपासून रेल्वेच्या आरक्षणापर्यंत असंख्य व्यवहार तिच्यावर चालतात. इथे मराठी माणूसही ‘टेबल’च म्हणतो आणि त्यात काही वावगे नाही.

सभागृहाचे पटल : ब्रिटिश संसदेत सत्ताधारी आणि विरोधक यांच्या मधोमध एक मोठे टेबल असते. त्यावर कागद ठेवला की तो सभागृहाच्या ताब्यात आला, असा संकेत. भारतीय संसद आणि राज्यांची विधिमंडळे यांनी तो स्वीकारला. मराठीत ‘अहवाल सभागृहाच्या पटलावर ठेवला’ असे म्हणतात. ‘टेबलावर ठेवला’ म्हटले तर कोणी विसरून गेले असे वाटेल. क्रियापद म्हणून हाच शब्द ब्रिटन आणि अमेरिकेत नेमका उलट चालतो : ब्रिटनमध्ये प्रस्ताव ‘टेबल’ करणे म्हणजे चर्चेला आणणे, तर अमेरिकेत चर्चा लांबणीवर टाकणे. दुसऱ्या महायुद्धात दोन्ही देशांच्या लष्करी अधिकाऱ्यांची यावरून बराच वेळ वादावादी झाली. दोघांनाही विषय ताबडतोब चर्चेला घ्यायचा होता, अशी आठवण विन्स्टन चर्चिल यांनी लिहून ठेवली आहे.

कचेरीत आणि मतमोजणीत : महाराष्ट्रातील कचेऱ्यांत टेबल म्हणजे कामाची जबाबदारी. ‘फाइल कोणत्या टेबलावर आहे?’ या प्रश्नात लाकडी वस्तूची चौकशी नसते. ‘त्यांचे टेबल बदलले’ म्हणजे त्यांना दुसरे काम मिळाले. मंत्रालयातील शासन निर्णयांवर याला ‘कार्यासन’ म्हणतात आणि महसूल खात्यात ‘संकलन’. लाच दिली-घेतली जाते ती ‘टेबलाखालून’. हा प्रयोग इंग्रजीतून आला असला तरी आता पुरता मराठी झाला आहे.

मतमोजणीच्या दिवशी मात्र टेबल म्हणजे खरोखरच टेबल. विधानसभा मतदारसंघाच्या मोजणी कक्षात साधारणपणे मतदान यंत्रांसाठी १४ टेबले मांडतात. निवडणूक निर्णय अधिकाऱ्याचे टेबल वेगळे. प्रत्येक टेबलावर एका वेळी एका मतदान केंद्राचे यंत्र येते. चौदाही टेबलांची मोजणी संपली की एक फेरी पूर्ण होते. त्यामुळे ३०८ मतदान केंद्रे असतील तर २२ फेऱ्या. टेबलाशी मोजणी पर्यवेक्षक, साहाय्यक आणि सूक्ष्म निरीक्षक असतात, तर जाळीपलीकडे उमेदवारांचे प्रतिनिधी वही-पेन घेऊन बसतात. यंत्राने दाखवलेली एकूण मते आणि मतदान केंद्राध्यक्षाने नमुना १७-क मध्ये नोंदवलेली मते जुळतात का, हे तिथेच पाहिले जाते. ‘अठराव्या फेरीअखेर आघाडीवर’ ही बातमी या टेबलांवरून येते.

भूरूपे : माथा सपाट आणि कडा तुटलेल्या डोंगराला टेबलाचे नाव देण्याची चाल जगभर आहे. पाचगणीचे ‘टेबल लँड’ हे महाराष्ट्रातले प्रसिद्ध उदाहरण. खाली काळा बेसाल्ट आणि वर जांभ्याचे कठीण टोपण अशी त्याची रचना असल्याने माथा झिजत नाही, बाजू तुटत जातात. अशा जांभ्याच्या पठारांना कोकणात ‘सडा’ म्हणतात. हा शब्द नेमका आणि सुंदर आहे. दक्षिण आफ्रिकेत केप टाउनच्या डोक्यावरच्या टेबल मौंटनची उंची सुमारे १,०८५ मी. आहे. त्याच्या माथ्यावरून ओघळणाऱ्या ढगाला तिथले लोक टेबलावरची चादर म्हणतात. फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ लाकाय यांनी अठराव्या शतकात या डोंगराचे नाव दक्षिणेच्या आकाशातल्या एका तारकासमूहाला दिले, तो ‘मेन्सा’. डोंगराचा माथा कापून केलेल्या विमानतळांना ‘टेबलटॉप’ म्हणतात. मंगळुरू (२०१०) आणि कोळिकोड (२०२०) येथील अपघातांनंतर हा शब्द मराठी वृत्तपत्रांत रुळला. जमिनीखालच्या पाण्याच्या वरच्या पातळीलाही इंग्रजीत टेबल म्हणतात. ती पातळी टेबलासारखी सपाट मात्र नसते, बहुधा वरच्या जमिनीच्या चढउतारांनुसार वरखाली होते. आपली ‘भूजल पातळी’ म्हणूनच अधिक बरोबर.

नातलग शब्द : लहान टेबल म्हणजे ‘टॅब्लेट’. औषधाची गोळी, मातीची कोरीव पाटी आणि हातात धरायचा संगणक, ही सगळी त्याची रूपे. १८८४ मध्ये बरोज वेलकम या औषध कंपनीने आपल्या दाबून केलेल्या गोळ्यांसाठी ‘टॅब्लॉइड’ हे नाव नोंदवले. पुढे थोडक्यात, दाबून दिलेल्या बातम्यांच्या छोट्या आकाराच्या वृत्तपत्रांना ते चिकटले. प्रजासत्ताक दिनाच्या संचलनातला चित्ररथ म्हणजे ‘टॅब्लो’, तोही याच घराण्यातला. तबला मात्र यांचा कोणी नाही. तो ‘तब्ल’ या ढोल-अर्थाच्या अरबी शब्दावरून आला. पाककृतींतला टेबलस्पून १५ मिलि. चा, पण ऑस्ट्रेलियात २० मिलि. चा असतो, तिथल्या कृतीने मीठ घालणाऱ्याने हे लक्षात ठेवावे.

घर आणि पंगत : मराठी घरात जेवण पाटावर बसून आणि ताट समोर, पाटावर किंवा चौरंगावर ठेवून होत असे. सावंतवाडीचे लाखकाम केलेले पाट-चौरंग आजही पूजेला आणि मंगलकार्याला वापरले जातात. जमिनीवरच्या पंगतीची जागा टेबल-खुर्चीच्या पंगतीने घेतली ती प्रामुख्याने मंगल कार्यालयांत. लांब, अरुंद टेबले एका बाजूने लावायची, पांढऱ्या कागदाची गुंडाळी टोकापासून टोकापर्यंत उलगडायची आणि पंगत उठली की उष्ट्यासकट ती गुंडाळून काढायची. वाढप्यांना समोरून न वाकता वाढता येते आणि गुडघे धरलेल्या आजी-आजोबांना सन्मानाने जेवता येते. बुफेपेक्षा ही पद्धत आपल्या आदरातिथ्याला अधिक साजेशी आहे.

टेबल टेनिस : एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडमधल्या घरांत जेवणाच्या टेबलावर सुरू झालेला खेळ. आंतरराष्ट्रीय महासंघ १९२६ मध्ये स्थापन झाला. १९५२ ची जागतिक स्पर्धा मुंबईत भरली होती आणि तिने या खेळाचे रूपच बदलले. जपानचा हिरोजी साटो जाड स्पंज लावलेली बॅट घेऊन उतरला. तोवरच्या बॅटींचा टक् असा आवाज येई आणि त्यावरून प्रतिस्पर्धी फटक्याचा अंदाज बांधत. साटोच्या बॅटला आवाजच नव्हता आणि चेंडू अनपेक्षित वेगाने येई. पुरुष एकेरीचे विजेतेपद त्याने पटकावले. स्पंजवरून पुढे वर्षानुवर्षे वाद चालला आणि १९५९ मध्ये बॅटच्या आवरणाची जाडी नियमाने बांधली गेली. टेबलाचे माप २·७४ मी. × १·५२५ मी. आणि उंची ७६ सेंमी. ठरलेली आहे. पृष्ठभाग कोणत्याही पदार्थाचा चालतो. अट एवढीच की ३० सेंमी. उंचीवरून सोडलेला चेंडू सगळीकडे सारखाच, सुमारे २३ सेंमी. उसळला पाहिजे.