आयफोनचा बॅकअप पासवर्ड इतका चिवट कसा झाला?

संगणकावरच्या आयफोन बॅकअपला पासवर्ड घालायची सोय २००९ मध्ये आयफोन ओएस ३ बरोबर आली. तेव्हापासून एक गैरसमज काही जात नाही: हा पासवर्ड आयट्यून्सचा, म्हणजे बॅकअप घेणाऱ्या संगणकावरच्या अ‍ॅपलच्या प्रोग्रॅमचा आहे. खरं तर फाइली एन्क्रिप्ट करतो फोन. संगणकाकडे येतो तो आधीच कुलूप लावलेला माल. त्यामुळे आयट्यून्स काढून पुन्हा टाका, नाहीतर फोन दुसऱ्या लॅपटॉपला जोडा, एन्क्रिप्शनची टिकखूण काढायला तोच जुना पासवर्ड लागतो. अ‍ॅपल आयडीचा इथे चालत नाही.

आयओएस ४ (२०१०) पासून कीचेन, म्हणजे साठवलेले पासवर्ड, या बॅकअपमधून दुसऱ्या फोनवरही नेता येऊ लागली. बॅकअपची किंमत वाढली, तसे तो फोडणारेही वाढले. प्रत्येक अंदाज महाग पडावा म्हणून पासवर्डपासून किल्ली बनवताना तीच आकडेमोड १०,००० वेळा केली जाई.

सप्टेंबर २०१६ मध्ये अ‍ॅपल घसरलं. आयओएस १० मध्ये जुन्या पद्धतीशेजारी पासवर्ड तपासायची दुसरी वाट राहिली, आणि तिथे हॅश, म्हणजे उलट न फिरवता येणारी ती आकडेमोड, फक्त एकदाच काढला जात होता. पासवर्ड फोडायची साधनं बनवणाऱ्या रशियातल्या एल्कमसॉफ्ट कंपनीने मोजलं: ज्या प्रोसेसरवर आयओएस ९ चे सेकंदाला २,४०० पासवर्ड तपासून होत, तिथे आता ६० लाख! छोट्या इंग्रजी लिपीतल्या आठ अक्षरांचे सगळे पासवर्ड या वेगाने दहा तासांच्या आत तपासून संपतात. १०.१ मध्ये ती वाट बुजवली. डिसेंबरमध्ये १०.२ ने मात्र सगळा हिशेबच बदलला: आधी १ कोटी फेऱ्या, मग वर जुन्या १०,०००. सेकंदाला १०० अंदाज तपासता येतात असं धरलं, तरी तीच आठ अक्षरं संपवायला ६६ वर्षं. सहा आकडी पासवर्ड ठेवला असेल तर मात्र तीन तासही लागणार नाहीत.

फाइलींची यादी असलेली ‘मॅनिफेस्ट डीबी’सुद्धा १०.२ पासून एन्क्रिप्ट होते. एसएमएसची फाइल ‘३डी’ फोल्डरमध्येच असते, कारण तिचं चाळीस अक्षरी नाव मूळ पत्त्याच्या हॅशवरून पडतं. पण सापडली तरी किल्लीशिवाय ती वाचता येत नाही.

आयओएस ११ (२०१७) ने सुटकेचा रस्ता दिला: सेटिंग्ज, जनरल, रीसेट (आयओएस १५ पासून हे ‘ट्रान्सफर ऑर रीसेट आयफोन’मध्ये आहे), ‘रीसेट ऑल सेटिंग्ज’, मग फोनचा पासकोड. फोटो, मेसेज राहतात. वाय-फायचे पासवर्ड आणि अ‍ॅपल पेची कार्डं जातात. मात्र हे फक्त पुढच्या बॅकअपपुरतं. जुना बॅकअप जुन्याच पासवर्डने उघडतो, आणि इथेच बहुतेकांची निराशा होते. आयओएस १३ पासून तर नवा पासवर्ड घालतानाही फोनवर पासकोड मागतात, म्हणजे उघडा फोन हाती लागला तरी परक्याला स्वतःचा पासवर्ड घालून सगळं उपसता येत नाही.

मॅक असेल तर आधी ‘कीचेन अ‍ॅक्सेस’ या अ‍ॅपमध्ये बॅकअप हा शब्द शोधा, पासवर्ड लक्षात ठेवायला सांगितलं असेल तर तिथेच मिळेल. आणि रीसेटनंतर लगेच नवा बॅकअप घेऊ नका. तो त्याच फोल्डरमध्ये जुन्यावर बसतो. आधी तो फोल्डर दुसरीकडे कॉपी करा.