प्लिमथ वसाहत : आर्थिक व धार्मिक जीवन

उत्तर अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावर, आजच्या मॅसॅच्यूसेट्स राज्यात, डिसेंबर १६२० मध्ये वसलेली इंग्रजांची वस्ती. इंग्लंडच्या राजमान्य चर्चशी फारकत घेऊन हॉलंडमधील लायडन येथे राहिलेले विभक्तपंथी तिचे प्रवर्तक होते. मात्र मेफ्लॉवर जहाजावरील १०२ प्रवाशांपैकी बरेच जण या पंथाचे नव्हते, पोटापाण्यासाठी आले होते. पहिल्या हिवाळ्यात जवळपास निम्मे लोक दगावले. वस्तीची जागा म्हणजे साथीने ओस पडलेले पटक्सेट हे गाव. तिथलाच मूळ रहिवासी टिस्क्वांटम याने नवागतांना मक्याच्या आळ्यात मासे खत म्हणून घालायला शिकवले.

वसाहत श्रद्धेपोटी निघाली, पण निघाली ती कर्जावर. भांडवल लंडनच्या व्यापाऱ्यांचे होते आणि सात वर्षे सारी कमाई सामाईक ठेवून मग वाटणी करायची, असा करार होता. मेफ्लॉवर रिकामे परतल्यावर व्यापाऱ्यांचा प्रतिनिधी टॉमस वेस्टन याने खरमरीत पत्र धाडले. तोवर निम्मी वस्ती पुरली गेली होती. पुढच्याच फॉर्च्यून जहाजातून लाकूड आणि बीव्हर या केसाळ प्राण्याची कातडी मिळून सुमारे ५०० पौंडांचा माल पाठवला गेला. तो फ्रेंचांनी वाटेतच लुटला.

सामाईक शेतीही फार काळ टिकली नाही. दुसऱ्यांच्या बायकामुलांसाठी फुकट का राबायचे, ही तरुणांची तक्रार. परक्या पुरुषांचे कपडे आपल्या बायकांनी का धुवावेत, ही नवऱ्यांची. १६२३ मध्ये गव्हर्नर विल्यम ब्रॅडफर्ड यांनी मक्यासाठी कुटुंबागणिक जमीन नेमून दिली. मग बायका मुलांना घेऊन आपणहून शेतात जाऊ लागल्या. या प्रसंगाचा दाखला पुढे खासगी मालमत्तेचे कैवारी हिरिरीने देत आले. पण ती सामाईक व्यवस्था धर्माच्या शिकवणीतून आलेली नव्हती, व्यापाऱ्यांच्या करारातली होती, हे त्यात हमखास विसरले जाते.

विवाह हा या पंथाच्या मते दिवाणी व्यवहार, म्हणून तो धर्मगुरूपुढे नव्हे तर दंडाधिकाऱ्यापुढे होई. नाताळ बायबलमध्ये नाही, तेव्हा पाळायचा नाही. १६२१ च्या नाताळात नव्याने आलेल्या काहींनी, आज काम करणे सद्सद्विवेकाला पटत नाही, असे सांगितले. ब्रॅडफर्ड यांनी त्यांना सोडून दिले. दुपारी पाहतात तर मंडळी रस्त्यात खेळत होती. ब्रॅडफर्ड यांनी खेळाचे सामान काढून घेतले आणि इतर राबत असताना तुम्ही खेळावे हे माझ्या विवेकाला पटत नाही, असे सुनावले.

१६२९ पर्यंत वसाहतीला दीक्षित धर्मगुरू नव्हता. चर्चचे वडीलधारे (एल्डर) विल्यम ब्रूस्टर रविवारी प्रवचन देत, पण बाप्तिस्मा व प्रभुभोजन हे संस्कार त्यांना करता येत नसत. १६२७ मध्ये येऊन गेलेल्या आयझॅक डी रासिएर या डच अधिकाऱ्याने रविवारचे वर्णन केले आहे : नगारा वाजला की लोक बंदुका घेऊन कप्तानाच्या दारापुढे जमत आणि तिघातिघांच्या रांगांनी टेकडीवरच्या गढीकडे निघत. वर सहा तोफा, खाली प्रार्थना. बंदूक प्रत्येकाच्या हाताशी.

याच डचांकडून शंखशिंपल्यांचे मणी, म्हणजे वॅम्पम, व्यापारात आले. ते देऊन आतल्या भागातील मूळ रहिवाशांकडून बीव्हरची कातडी मिळवता येत. त्याच वर्षी लंडनकरांचा हिस्सा १,८०० पौंडांना, वर्षाला २०० पौंडांच्या हप्त्यांनी, विकत घ्यायचे ठरले; ब्रॅडफर्ड, ब्रूस्टर यांच्यासह आठ पुढाऱ्यांनी कातड्यांच्या व्यापाराच्या मक्तेदारीच्या बदल्यात कर्जाची हमी घेतली. म्हणजे चर्चचे पुढारी तेच कर्जदार. हिशेबाचे घोळ होत गेले आणि कर्ज १६४० च्या दशकापर्यंत रेंगाळले.

चर्चला फोडले ते मात्र बरकतीने. १६३० पासून शेजारच्या मॅसॅच्यूसेट्स बे वसाहतीत लोंढे आले, गुरे व धान्याला चढे भाव मिळू लागले. चराईसाठी लोक खाडीपलीकडे डक्सबरीला पांगले आणि १६३२ मध्ये त्यांनी स्वतःचे वेगळे चर्च मागितले. ब्रॅडफर्ड यांना याचे फार दुःख झाले. वाढत्या गुरांना लागणारी जमीन मूळची वॅम्पनोआग या तिथल्या मूळ रहिवासी लोकांची होती. १६२१ मध्ये वसाहतीशी तह करणारा त्यांचा प्रमुख मॅसॅसॉइट याचा मुलगा मेटाकॉम १६७५ मध्ये इंग्रजांविरुद्ध उठला, त्यामागे जमिनीचा हा दाब मोठा होता. १६९१ च्या सनदेने प्लिमथ मॅसॅच्यूसेट्समध्ये विलीन झाली.