‘आधी सोडा, मग या’ असं कुणी म्हणत नाही

“आधी दारू सोडायची, मगच एएच्या मीटिंगला जायचं,” हा एए, म्हणजे अल्कोहोलिक्स अनॉनिमस या दारू सोडू पाहणाऱ्यांच्या संघटनेबद्दलचा समज वर्षानुवर्षं घरोघरी आहे. तो चुकीचा आहे, आणि त्यापायी माणसं उंबरठ्यावरूनच परत फिरतात याचं मला फार वाईट वाटतं.

१९३५ साली अमेरिकेत सुरू झालेल्या अल्कोहोलिक्स अनॉनिमसची सदस्यत्वाची अट एकच: दारू सोडण्याची इच्छा. काल प्यायला होतात? तरी या. फी नाही, आडनाव विचारत नाहीत. शाळेच्या वर्गात नाहीतर चर्चच्या हॉलमध्ये खुर्च्या मांडलेल्या असतात. एकेक जण उठून म्हणतो, “मी अमुक, मी अल्कोहोलिक आहे,” आणि आपली गोष्ट सांगतो. तुम्ही नुसतं ऐकलंत तरी चालतं. शेवटी वर्गणीची पिशवी फिरते. नव्या माणसाने काही टाकलंच पाहिजे असं नाही.

उलट, रोज भरपूर पिणाऱ्याने मीटिंगआधी ‘शुद्ध’ होण्यासाठी घरीच एकदम बंद करणं धोक्याचं आहे. हात थरथरतात, झटके येऊ शकतात, भ्रम होतो. त्यासाठी डॉक्टरच हवेत.

घरच्यांसाठी अल-अ‍ॅनॉनच्या सभा वेगळ्या असतात. नवरा यायला तयार नसला तरी बायकोने एकटीने जावं.