टप उघडा, पाऊस कासचा

जुलैतल्या रविवारी एखादी जुनी, बुटकी, दोनच माणसांची गाडी टप न लावता साताऱ्याहून यवतेश्वरचा घाट चढून कासच्या पठाराकडे निघाली, की चहाच्या टपरीवरून हाक ठरलेली: "आवो, टप वढा की! भिजाय आलाय व्हय?" आतला माणूस हात हलवतो आणि पुढं जातो. एका पावसाळ्यात तो आतला माणूस माझा मित्र होता आणि शेजारी मी बसलो होतो, तेव्हा हीच हाक ऐकून मलाही वाटलं होतं, खरंच, ओढत का नाही हा?

टप असतो. सीटमागं घडी घालून ठेवलेला असतो. पण तो ओढायचा नसतो, उभा करून बांधायचा असतो, आणि तेवढ्या वेळात माणूस चिंब होतो. हे असं का, ते समजायला जरा मागं जावं लागतं.

पहिल्या मोटारी म्हणजे घोडा सोडलेल्या बग्ग्या. फेटन, कूपे, कॅब्रिओले ही मोटारींची नावं आधी बग्ग्यांची होती. डॅशबोर्ड हा शब्दसुद्धा तिथलाच. घोड्याच्या टापांनी उडणारा चिखल बसणाऱ्याच्या अंगावर येऊ नये म्हणून पुढं लावलेली ती फळी. आज त्याच फळीवर टचस्क्रीन बसलाय. पाऊस आणि चिखल हे प्रवासाचे भागच होते. आपल्याकडं टांग्याला टप असायचा तो उन्हासाठी आणि भुरभुरीसाठी, झडीच्या पावसात टांग्यातला माणूसही भिजतच घरी यायचा. अमेरिकेत १९१९ साली तयार होणाऱ्या गाड्यांपैकी दहातल्या नऊ उघड्या होत्या. १९२९ पर्यंत हे प्रमाण नेमकं उलटं झालं. १९२२ च्या सुमारास एसेक्स कंपनीनं साधी, चौकोनी डब्यासारखी बंद गाडी उघड्या गाडीपेक्षा थोड्याच जास्त किमतीला आणली आणि काही वर्षांतच ती उघडीपेक्षाही स्वस्त केली, हे त्यामागचं एक मोठं कारण. तेव्हाच्या या बंद गाड्यांच्या छताच्या मधोमध कापडच असे. सबंध पोलादी छत जनरल मोटर्सनं १९३५ च्या मॉडेलांना दिलं, कारण तेवढा रुंद एकसंध पत्रा त्याआधी सहज मिळत नव्हता.

म्हणजे ज्याला आपण आज 'छत काढलेली गाडी' समजतो, ती खरं तर छत न चढवलेली गाडी आहे. इंग्लंडमधल्या बऱ्याच स्पोर्ट्स कार बनवणाऱ्यांनी ते पुढंही बरीच वर्षं चढवलं नाही.

यातलं सगळ्यात ओळखीचं नाव एमजी. ऑक्सफर्डच्या मॉरिस गॅरेजेस या विक्री-दुरुस्तीच्या दुकानात सेसिल किंबर या व्यवस्थापकानं साध्या मॉरिस गाड्यांवर वेगळ्या बॉड्या चढवायला सुरुवात केली, आणि १९२९ च्या अखेरीस कारखाना जवळच्या अॅबिंग्डन गावी गेला. (आपल्याकडं २०१९ पासून त्याच नावाच्या उंच, बंद, काचा वर केलेल्या गाड्या फिरतात. किंबरला त्या ओळखू आल्या नसत्या.) दुसरं महायुद्ध संपताच १९४५ मध्ये आलेली एमजीची टीसी ही गाडी हे त्या शैलीचं अस्सल रूप: अॅश लाकडाच्या सांगाड्यावर ठोकलेला पत्रा, १९ इंची तारांची चाकं, १२५० सीसीचं इंजिन, आणि पुढची काच बॉनेटवर आडवी पाडता येईल अशी. अशा दहा हजार गाड्या बनल्या. त्यानंतर १९५५ ची एमजीए. तिच्या उघड्या मॉडेलच्या दाराला बाहेरून कडीच नाही. आत हात घालून दोरी ओढली की दार उघडतं. दाराला खिडकी नसल्यामुळं हात घालायला अडचण कुठली? वर-खाली होणाऱ्या काचा एमजीच्या साध्या उघड्या स्पोर्ट्स कारला मिळाल्या १९६२ साली, एमजीबीबरोबर.

तोवरचा पावसाळी बंदोबस्त असा: सीटमागं कापडी हूड, म्हणजे टप, आणि त्याचा लोखंडी सांगाडा; पिशवीत घालून ठेवलेले बाजूचे पडदे, ज्यांचं पारदर्शक प्लास्टिक दोन-चार वर्षांत पिवळं पडून शेवटी काहीच दिसेनासं होतं; आणि टोनो नावाचं सीटवरचं झाकण. हे टोनो मला सगळ्यात हुशारीचं वाटतं. त्याला मधोमध चेन असते. एकटं जायचं असलं तर शेजारची बाजू झाकलेलीच ठेवायची आणि आपल्यापुरतं उघडून, कंबरेपर्यंत घोंगडं घेतल्यासारखं बसून चालवायचं. खांद्यापासून वर पाऊस, खाली इंजिनाची ऊब. माणच्या मेंढक्याला हे सांगावं लागणार नाही. तो पिढ्यान्‌पिढ्या घोंगड्याची खोळ डोक्यावर घेऊन उभा आहे, आणि पश्चिमेकडं भातलावणीला वाकलेल्या बाईच्या पाठीवर इरलं आहे. पाऊस अडवायचा तो घरानं नव्हे, अंगावरच्या कापडानं, हा विचार दोन्हीकडं सारखाच. १८२३ मध्ये चार्ल्स मॅकिंटॉशनं रबर लावलेल्या कापडाचं पेटंट घेतलं, आणि पुढं मोटार चालवणारे तेच घालून बसले.

हूड न लावता पुढं जाण्यामागं आणखी एक कारण आहे, आणि ते चालवल्याशिवाय पटत नाही. गाडीला बऱ्यापैकी वेग असला की काचेवरून वर फेकलेली हवा पावसालाही डोक्यावरून मागं नेते. कुठल्या वेगाला ते जमतं हे काच किती उंच आणि किती तिरकी यावर ठरतं. पण जमलं की डोकं जवळजवळ कोरडं राहतं. थांबलं की भिजलं. हूड लावला तर उलट श्वासाच्या वाफेनं काच आतून धुरकट होते, मागचं काही दिसत नाही आणि शिवणीतून थेंब नेमका मांडीवर पडतो. त्यामुळं इंग्लंडातले जुने चालक 'चालत राहा' म्हणतात ते उगाच नाही.

पण हे सगळं अॅबिंग्डनच्या पावसाचं शहाणपण. ऑक्सफर्डच्या आसपास वर्षभरात साडेसहाशे मिलिमीटरच्या आगेमागे पाऊस पडतो, तोही बारा महिन्यांत वाटून. महाबळेश्वरला वर्षाचा पाऊस साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर जातो आणि एकट्या जुलैत दोन हजारांच्या आसपास पडतो. म्हणजे तिथला तीन वर्षांचा पाऊस इथं एका महिन्यात. कास महाबळेश्वराएवढं नसलं तरी कोयनेच्या खोऱ्यातून वर येणारा वारा तिथं पावसाला आडवा करतो. आणि घाटात वेग किती? वीस, फार तर तीस. वर फेकायला हवाच नाही. डोक्यावरून जाणारा पाऊस सरळ मांडीत.

त्यात विजेचा प्रश्न. या गाड्यांत आजच्यासारखा अल्टरनेटर नसतो, डायनामो असतो, आणि इंजिनाच्या कमी फेऱ्यांवर तो पुरेशी वीज देत नाही. धुक्यात दिवे लावलेले, वायपर चालू, पुढं एसटीच्या मागं रांगत चढायचं; बॅटरी भरतेय की उतरतेय ते दाखवणाऱ्या अॅमीटरचा काटा हळूहळू उणेकडं सरकत जातो. त्या दिवशी आमचाही सरकला. मित्रानं दिवे बंद करून गाडी कडेला घेतली, इंजिनात ठिणगीची वीज वाटणाऱ्या डिस्ट्रिब्यूटरचं झाकण काढलं, बनियनच्या कोरड्या कोपऱ्यानं आतून पुसलं. बंपरला टेकून मी काचेवर तंबाखू चोळत होतो, जुन्या ट्रकवाल्यांकडून शिकलेली युक्ती. पाण्याचे थेंब न होता पातळ पडदा पसरतो आणि दिसायला लागतं. मात्र उघड्या गाडीत काच आतूनही ओली होते, आणि आतल्या बाजूला वायपर नसतो.

जुन्या जीप चालवलेल्यांना यातलं काही नवीन वाटणार नाही. साताऱ्यात उघडी गाडी म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या जीपच. युद्धातली विलीज जीप स्वातंत्र्यानंतर महिंद्रांनी मुंबईत जोडायला घेतली, आणि वनखातं, पाटबंधारे, साखर कारखाने अशी ती डोंगरात सगळीकडं पोचली. वर ताडपत्रीचा हूड, बाजूला बटणाचे पडदे. काही जीपचे वायपर इंजिनाच्या व्हॅक्यूमवर, म्हणजे इंजिन हवा ओढतं त्या जोरावर, चालत. चढाला अॅक्सिलरेटर दाबला की व्हॅक्यूम उतरायचा आणि वायपर मधेच झोपायचा. जरा पाय उचलला की जागा व्हायचा. घाट चढताना चालक थोड्या थोड्या वेळानं पाय उचलायचे ते इंजिनासाठी नव्हे, रस्ता बघण्यासाठी.

स्पोर्ट्स कार मात्र इथं मुळातच थोड्या. एमजीएच्या लाखभर गाड्यांपैकी इंग्लंडातच सहा हजारांहून कमी विकल्या गेल्या, बहुतेक अमेरिकेच्या उन्हात गेल्या. आपल्याकडं १९५० च्या दशकात परदेशी गाड्यांची आयात सरकारी धोरणानं जवळजवळ बंद झाली. फोर्ड आणि जनरल मोटर्सनं १९५४ पर्यंत इथली जोडणी गुंडाळली. आधी आलेल्या गाड्या संस्थानिकांकडं, मुंबई-पुण्याच्या हौशी लोकांकडं राहिल्या. आणि त्या वेळी डोंगरात पावसाळी गाडी नेणारं होतंच कोण? १८२८ च्या सुमारास मुंबईचा गव्हर्नर मॅल्कम यानं वसवलेल्या महाबळेश्वराचा हंगाम उन्हाळ्याचा. पहिल्या सरी आल्या की सरकार आणि साहेब खाली पुण्याला उतरत, आणि मागं राहिलेले लोक भिंतींना गवताची आवरणं बांधून चार महिने दारं लावत. जुलैत धुक्यात फिरायला जायचं ही आपल्या पिढीची हौस आहे. २०१२ मध्ये पश्चिम घाट जागतिक वारसा यादीत आला, त्यात कास होतं, आणि रस्ता रविवारी भरून वाहायला लागला.

२०२१ मध्ये केंद्र सरकारनं पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी वेगळी नोंदणी आणली. पाटीवर 'व्हीए' ही अक्षरं येतात आणि गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही, रॅली, प्रदर्शन, इंधन, दुरुस्ती एवढ्यापुरतीच. त्यामुळं कासच्या वाटेवर अशी गाडी दिसणं पुढं आणखी कमी होईल असं मला वाटतं.

त्या दिवशी परत आलो तेव्हा पायाखाली घोट्याएवढं पाणी होतं. मित्रानं पायाखालची चटई उचलली, गाडीच्या तळातली रबरी बुचं काढली आणि पाणी सोडून दिलं. राहिलेली ओल गंज धरते, म्हणून दुसऱ्या दिवशी गाडी उन्हाला लावायची. पण साताऱ्यात ऊन कुठलं. मग आम्ही ती कोरेगाववरून पुसेगावकडं काढली. तासाभरात आकाश मोकळं झालं, रस्त्यावर धूळ, शेतात पेरणीची वाट बघत बसलेली माणसं. तिथल्या अंगाला, खटाव-माणात, वर्षाला पाचशेच्या आसपास पाऊस पडतो. अॅबिंग्डनला लाजवणारा नाही, पण फार कमीही नाही. तिथं एक भुरभुर आली आणि थांबली. टप उघडाच होता. कुणी हाक मारली नाही.