व्हीसीओ आणि डीसीओ: भांडं तेच, उपडं करणारा वेगळा

व्हीसीओ म्हणजे अ‍ॅनालॉग आणि डीसीओ म्हणजे डिजिटल, असं जुन्या सिंथेसायझरबद्दल बोलताना सर्रास म्हटलं जातं. यातलं पहिलं बरोबर आहे, दुसरं नाही. आणि ही चूक नुसत्या शब्दांपुरती राहत नाही. दुरुस्तीला घेतलेल्या वाद्याचा भलताच भाग उघडला जातो, नको तो ट्रिमर (सूर जुळवायचा बारीक स्क्रू) फिरवला जातो. म्हणून दोन्ही शेजारी ठेवून बघू.

व्हीसीओ म्हणजे व्होल्टेज कंट्रोल्ड ऑसिलेटर, डीसीओ म्हणजे डिजिटली कंट्रोल्ड ऑसिलेटर. ऑसिलेटर म्हणजे वाद्यातला सूर निर्माण करणारा भाग. दुसऱ्या नावातला ‘डिजिटली’ हा शब्द ‘कंट्रोल्ड’ला लागतो, ‘ऑसिलेटर’ला नाही. सगळा घोळ इथून सुरू होतो.

सॉटूथ लाट घ्या, करवतीच्या दातांसारखी. बहुतेक जुन्या वाद्यांमध्ये ती एका कपॅसिटरमधून निघते. कपॅसिटर म्हणजे भांडं आणि करंट म्हणजे त्यात पडणारी धार, असं समजा. भांडं संथपणे भरत जातं, एका क्षणी झटकन रिकामं होतं आणि पुन्हा भरू लागतं. एकदा भरून रिकामं झालं की एक दात तयार. सेकंदाला असे ४४० दात झाले की तो वाद्यं जुळवताना धरतात तो ए सूर.

व्हीसीओत भांडं काठोकाठ भरलं की आपोआप उपडं होतं. काठ ठरलेला असतो आणि कम्पॅरेटर (दोन व्होल्टेजची तुलना करणारं सर्किट) त्यावर नजर ठेवतो. सूर चढवायचा तर धार मोठी करायची, म्हणजे भांडं लवकर भरेल. डीसीओत भांडं तेच, धारही तशीच अ‍ॅनालॉग, पण उपडं करायला एक जण घड्याळ घेऊन बसलेला असतो. वेळ झाली की भांडं कितीही भरलेलं असो, तो ते उपडं करतो. थोडक्यात, व्हीसीओत दाताची उंची पक्की असते आणि वेळ धारेवर ठरते. डीसीओत वेळ पक्की असते आणि उंची धारेवर ठरते. लाट मात्र दोन्हीकडे कपॅसिटरवरच चढते. ती कुठेही आकड्यांमधून घडवलेली नसते. तसं ज्यात होतं तो डिजिटल ऑसिलेटर, आणि तो तिसराच प्रकार आहे. १९८३ च्या यामाहा डीएक्स७ मध्ये तो होता. डीसीओला त्याच्या रांगेत बसवू नये.

आता धारेबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण व्हीसीओचं सगळं दुखणं तिथेच आहे.

कीबोर्डकडून येणारं व्होल्टेज साधारणपणे सप्तकाला १ व्होल्ट या हिशोबाने वाढतं, म्हणजे एका सेमिटोनला (सप्तकाच्या बाराव्या भागाला) जेमतेम ८३ मिलीव्होल्ट. सूर मात्र दर सप्तकाला दुप्पट होतो, म्हणून करंटही दुप्पट व्हायला हवा. हे काम ट्रान्झिस्टर करतो, कारण त्याच्या बेसवरचं व्होल्टेज खोलीच्या तापमानाला सुमारे १८ मिलीव्होल्टने वाढलं की करंट दुप्पट होतो. अडचण अशी की तोच ट्रान्झिस्टर तापमानालाही तितकाच हळवा असतो. १ अंश सेल्सियस वाढला की तेवढ्याच करंटला लागणारं बेस-एमिटर व्होल्टेज सुमारे २ मिलीव्होल्टने घसरतं. १८ मध्ये एक सप्तक बसत असेल तर २ मध्ये एका सेमिटोनपेक्षा जास्त बसतं. मी ब्रेडबोर्डवर (सोल्डर न करता सर्किट जोडायच्या फळीवर) पहिला ऑसिलेटर जोडला तेव्हा त्यात एकच उघडा ट्रान्झिस्टर होता. त्याच्यावर नुसतं बोट टेकवलं आणि सूर सायरनसारखा वर चढत गेला. बोट काढलं की तो हळूहळू खाली यायचा. पुस्तकात वाचून जे समजलं नव्हतं ते त्या क्षणी समजलं.

यावर उतारा म्हणून एकासारखे एक दोन ट्रान्झिस्टर जोडीने वापरतात, म्हणजे एकाची घसरण दुसऱ्याने कापली जाते. तरी सप्तकाची पट्टीच तापमानानुसार ताणली जाते, ती दर अंशाला सुमारे ०.३३ टक्का. मूळ सुरापासून तीन सप्तकं दूर गेलं की हा फरक दर अंशाला साधारण १२ सेंट होतो (सेंट म्हणजे सेमिटोनचा शंभरावा भाग), आणि तो कानाला सहज कळतो. त्यासाठी तापमानानुसार बदलणारा ३३०० पीपीएमचा, म्हणजे दर अंशाला तेवढाच ०.३३ टक्का बदलणारा रेझिस्टर लावतात. तो त्या जोडीला अगदी चिकटून बसवावा, शक्यतो थर्मल पेस्ट लावून. बोर्डाच्या दुसऱ्या टोकाला बसवला तर त्याचा काही उपयोग नाही. कर्टिस कंपनीच्या सीईएम३३४० या व्हीसीओ चिपमध्ये ही भरपाई आतच केलेली होती. म्हणूनच सिक्वेन्शियलच्या प्रॉफेट-५ च्या तिसऱ्या आवृत्तीपासून रोलंडच्या जुपिटर-८ पर्यंत कितीतरी वाद्यांत ती दिसते. आज एएस३३४० आणि व्ही३३४० अशा तिच्या प्रतिकृती मिळतात, त्यामुळे नव्याने बांधणाऱ्याने याच चिपपासून सुरुवात करावी असं माझं मत आहे.

प्रॉफेट-५ आणि जुपिटर-८ यांच्यात मायक्रोप्रोसेसर आहे. ट्यूनचं बटण दाबलं की तो एकेक ऑसिलेटर मोजून सूर जुळवून देतो. हे बघून काही जण त्यांनाही डीसीओ म्हणतात. ते चूक आहे. प्रोसेसर इथे फक्त दुरुस्तीचं व्होल्टेज देतो, भांडं उपडं करणारा काठच असतो. थोड्या वेळाने वाद्य तापलं की सूर पुन्हा सरकतो.

डीसीओ आला तो याच सरकण्याला कंटाळून. १९८२ मध्ये रोलंडचे जुनो-६ आणि जुनो-६० आणि कॉर्गचा पॉली-६१ आले, मग १९८४ मध्ये जुनो-१०६. जुनो-१०६ मध्ये घड्याळ घेऊन बसलेला जो गडी आहे तो म्हणजे ८२५३ ही टायमर चिप, त्या काळच्या आयबीएम पीसीतही हीच होती. एका चिपमध्ये तीन काउंटर, म्हणून दोन चिप आणि सहा व्हॉइस (एका वेळी वाजू शकणारे सूर). काउंटर वेगवान घड्याळाचे ठोके मोजतो आणि ठरलेला आकडा झाला की कपॅसिटर रिकामा करतो.

आकडा पूर्णांकच असावा लागतो, हे डीसीओचं एकमेव खरं बंधन. समजा घड्याळ १ मेगाहर्ट्झचं आहे. ४४० हर्ट्झसाठी २२७३ ठोके मोजले की ४३९.९५ हर्ट्झ मिळतात. हा फरक कुणाच्या कानाला कळणार नाही. पण पियानोच्या सर्वांत वरच्या सी-ला, ४१८६ हर्ट्झला, २३९ ठोक्यांवर ४१८४ मिळतात आणि २३८ वर थेट ४२०२. मधे काहीच नाही. एक पायरी सुमारे ७ सेंटची. वरच्या सप्तकात मींड घेतली तर ती घसरगुंडीसारखी न येता जिन्यासारखी येते.

दुसरी गोष्ट उंचीची. वरच्या सुरांना भांडं भरायला वेळ कमी मिळतो. धार तीच राहिली तर दात बुटके होत जातात आणि आवाज क्षीण होतो. म्हणून डीसीओतही सुराबरोबर करंट वाढवावा लागतो. फरक इतकाच की इथे करंट थोडा चुकला तर आवाजाची पातळी हलते, सूर हलत नाही.

दुरुस्तीला बसताना हाच फरक हातात धरायचा. सहा व्हॉइसमधली एकच व्हॉइस थोडीशी बेसूर असेल आणि वाद्य तापत जाईल तसा तो फरक बदलत असेल, तर तुमच्यासमोर व्हीसीओ आहे. डीसीओ असा बारीक सरकूच शकत नाही, कारण सगळ्यांचं घड्याळ एकच. तिथे एकच व्हॉइस वरच्या सुरांना मंद होत असेल तर करंटच्या बाजूला बघा, आणि सगळ्याच व्हॉइस सारख्या बेसूर असतील तर घड्याळाकडे. जुनो-१०६ ची एखादी व्हॉइस गप्प झाली, करकरू लागली किंवा सतत गुणगुणत राहिली तर लोक म्हणतात डीसीओ गेला. बहुतेकदा गेलेली असते ८००१७ए ही चिप, आणि तिच्यात फिल्टर आणि व्हीसीए (आवाजाची पातळी ठरवणारा भाग) असतात. तिच्यावरचा इपॉक्सीचा थर वयानुसार वीज गळू देतो. तो अ‍ॅसिटोनमध्ये भिजवून काढला की अनेक चिप पुन्हा चालू लागतात.

व्हीसीओचा ट्रिमर मात्र घाईने फिरवू नका. आधी पॉवर सप्लाय मोजा. जुने इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर दमलेले असले की सगळेच ऑसिलेटर डळमळतात, आणि ट्रिमरने ते कधीच थांबत नाही. मी एक अख्खी संध्याकाळ अशीच घालवली आहे. सप्लाय ठीक असेल तर वाद्य निदान अर्धा तास तापू द्या, मग खालचा सी, वरचा सी, पुन्हा खालचा, असं जुळवत या. एक जुळवला की दुसरा थोडा हलतो, दर फेरीला कमी कमी हलतो. टायमिंगचा कपॅसिटर, म्हणजे आपलं भांडं, बदलायची वेळ आलीच तर पॉलिस्टायरीन किंवा सी०जी सिरॅमिक घ्या, आणि पॉलिस्टायरीनला सोल्डरची उष्णता सोसत नाही हे ध्यानात ठेवा.

राहिला आवाजाचा वाद. डीसीओ पातळ वाजतो असं म्हणतात ते बहुधा जुनो ऐकून, आणि जुनोत एका व्हॉइसला एकच ऑसिलेटर आहे. दोन व्हीसीओ असलेल्या वाद्याशी त्याची तुलना करणं मला अन्यायाचं वाटतं. ओबरहाइमच्या मॅट्रिक्स-६ मध्ये दर व्हॉइसला दोन डीसीओ आहेत, ते ऐकून मत बनवा. खरा फरक दोन ऑसिलेटर एका सुरावर आणल्यावर कळतो. व्हीसीओची जोडी एकमेकांपासून सतत किंचित सुटत असते, त्यामुळे त्यांच्यातली लहर (दोन जवळच्या सुरांमुळे होणारी आवाजाची चढउतार) एका चालीने कधीच जात नाही. डीसीओच्या जोडीत लहर ठराविक वेगाने येत राहते. हे जिवंत सरकणं लोकांना इतकं हवंसं वाटलं की २००७ च्या प्रॉफेट ’०८ मध्ये डीसीओंना मुद्दाम डळमळवणारी ‘स्लॉप’ नावाची सोय दिली आहे.

बांधून बघायचं असेल तर आधी व्हीसीओ बांधा, मग त्याच ब्रेडबोर्डवर कम्पॅरेटर काढून कपॅसिटर रिकामा करायचं काम मायक्रोकंट्रोलरच्या टायमरकडे द्या. मी तसंच केलं आणि पुन्हा त्याच ट्रान्झिस्टरवर बोट टेकवलं. सूर जागचा हलला नाही. ऑसिलोस्कोपच्या पडद्यावर मात्र करवतीचे दात बोटाच्या उबेने हळूहळू उंच होत गेले.