नॅशनल्स आणि ट्रायल्स: 1948 च्या जुलैतली गल्लत

अ‍ॅलिस कोचमन या अमेरिकन उंच उडीपटूबद्दल वाचताना 1948 चा जुलै हमखास गोंधळात टाकतो. 6 तारखेला मिशिगनमधल्या ग्रँड रॅपिड्सला अमेरिकेच्या महिला नॅशनल्स, म्हणजे मैदानी खेळांच्या राष्ट्रीय स्पर्धा, झाल्या, आणि 12 तारखेला प्रॉव्हिडन्सला ऑलिंपिक ट्रायल्स. उंच उडीत दोन्हीकडे तीच पहिली. मग फरक तो काय?

ट्रायल्सचं काम एवढंच, की लंडन ऑलिंपिकला कोण जाणार ते ठरवायचं. चार वर्षांतून एकदा, तेव्हा एका दिवसात निकाल. तिथे संघाच्या गुणांना काही महत्त्व नाही.

नॅशनल्स दरवर्षीची. अमॅच्युअर अ‍ॅथलेटिक युनियन ती भरवायची आणि क्लब, कॉलेजं संघविजेतेपदासाठी झुंजायची. अलाबामातल्या टस्कीगी या कृष्णवर्णीयांच्या संस्थेने 1937 पासून पुढची चौदा-पंधरा वर्षं हे विजेतेपद जवळपास कुणाला मिळूच दिलं नाही. कोचमन याच टस्कीगीची. जॉर्जियातल्या ऑल्बनीत गोऱ्यांच्या मैदानावर तिला मज्जाव होता, म्हणून ती मातीच्या रस्त्यांवर अनवाणी धावायची. 1939 मध्ये, 15 व्या वर्षी, तिने पहिली नॅशनल उंच उडी जिंकली आणि 1948 पर्यंत सलग दहा वर्षं ती सोडली नाही. 1940 आणि 1944 ची ऑलिंपिक्स युद्धामुळे झालीच नाहीत. तिच्या ऐन भरातल्या त्या वर्षांची नोंद नॅशनल्समध्येच सापडते, म्हणून माझ्या लेखी तिची खरी थोरवी तिथे आहे.

धावपटू स्टेला वॉल्शकडे पाहिलं की हा फरक आणखी ठळक होतो. क्लीव्हलंडमध्ये वाढलेल्या स्टेलाने अमेरिकेच्या नॅशनल्स वर्षानुवर्षं गाजवल्या, पण 1932 चं 100 मीटरचं ऑलिंपिक सुवर्ण तिने जिंकलं पोलंडसाठी. 1947 मध्ये ती अमेरिकन नागरिक झाली, तरी एकदा पोलंडकडून धावल्यामुळे अमेरिकेच्या ऑलिंपिक संघाचं दार तिला बराच काळ बंदच होतं. नॅशनल्सला मात्र मुभा होती. 1951 मध्येही तिने विजेतेपद मिळवलं, चाळिशीत.

ट्रायल्सने कोचमनला लंडनला पोचवलं. 7 ऑगस्टला वेम्बलीवर तिने 1.68 मीटर उडी मारली. ब्रिटनच्या डोरोथी टायलरनेही तीच उंची ओलांडली, पण कोचमनने ती पहिल्याच प्रयत्नात पार केली होती. ऑलिंपिक सुवर्ण जिंकणारी ती पहिली कृष्णवर्णीय स्त्री. त्यानंतर ती पुन्हा स्पर्धेत उतरली नाही. वय होतं 24.